पोटातले शिसे आणि खाद्यातले खनिज: प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

आजपासून या प्रकल्पाची वही सुरू केली. प्रश्न थोडक्यात असा आहे: जनावराच्या खाद्यात एखादे नैसर्गिक खनिज मिसळले, तर पोटात गेलेले शिसे आणि कॅडमियम हे विषारी जड धातू रक्तात उतरण्याआधी अडवता येतात का, आणि येत असेल तर त्यावर कितपत विसंबावे?

या प्रश्नाचे निमित्त एक वासरू आहे. आमच्या पशुवैद्य सहकाऱ्याने गेल्या महिन्यात त्याचे शवविच्छेदन केले. मरण्यापूर्वी दोन दिवस ते दात खात होते, भिंतीला डोके टेकवून उभे राहत होते, आणि डोळ्यांसमोर हात हलवला तरी त्याची पापणी लवत नव्हती. जाळीपोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराचे दुसरे पोट, उघडल्यावर तळाशी नखाएवढे करडे, ठिसूळ तुकडे सापडले. ते टाकून दिलेल्या जुन्या बॅटरीच्या प्लेटांचे होते. जड वस्तू जाळीपोटात बसून राहतात, सहसा पुढे सरकत नाहीत, आणि तिथल्या आंबट द्रवात त्यांतले शिसे थोडेथोडे विरघळत राहते. वासराच्या मालकाने विचारले, "डॉक्टर, खाद्यात घालायची एक माती मिळते, ती विष ओढून घेते म्हणतात. उरलेल्या वासरांना देऊ का?" सहकाऱ्याने तो प्रश्न माझ्याकडे आणला, आणि ठाम उत्तर माझ्यापाशीही नव्हते. ते उत्तर मिळवण्यासाठी हे काम हाती घेतले आहे.

६ जानेवारी

आजचा दिवस कोणती खनिजे घ्यायची हे ठरवण्यात गेला. दोन निवडली आहेत, क्लिनोप्टिलोलाइट नावाचे झिओलाइट आणि बेंटोनाइट ही माती.

झिओलाइट हा शब्द १७५६ मध्ये स्वीडनच्या आक्सेल क्रोन्स्टेट यांनी रूढ केला. तापवल्यावर हा दगड उकळल्यासारखा फसफसतो, म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याला 'उकळणारा दगड' असे नाव पडले. फसफसते ते त्याच्या आतले पाणी, आणि आमचे कामही त्या पाण्याच्या जागांशीच आहे. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या चौकटीत सूक्ष्म बोगदे असतात. चौकटीत सिलिकॉनच्या जागी जिथे ॲल्युमिनियम बसलेले असते, तिथे एक ऋण प्रभार शिल्लक राहतो, आणि तो फेडण्यासाठी बोगद्यांत सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियम यांचे धनायन, म्हणजे धन प्रभाराचे कण, सैलसर बसलेले असतात. बाहेरच्या द्रवात शिशाचा धनायन असेल, तर तो आत शिरून यांपैकी एखाद्याची जागा घेतो. बेंटोनाइटमधील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्यात बोगद्यांऐवजी पातळ थर असतात आणि धनायन त्या थरांच्या मधल्या फटीत बसतात. तत्त्व दोन्हींत सारखेच आहे.

या तत्त्वातूनच प्रकल्पाची हद्दही ठरते, आणि ती पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. ऋण प्रभाराची चौकट फक्त धनायन ओढते. पाण्यातील आर्सेनिक एक तर ऋणायनाच्या रूपात असते किंवा प्रभाररहित असते, त्यामुळे नुसत्या झिओलाइटला ते धरता येत नाही; त्यासाठी लोहाच्या ऑक्साइडसारखी वेगळी सामग्री लागते. मिथाइल पाऱ्याचा ओढा गंधकयुक्त अमिनो आम्लांकडे असतो, आणि शरीरात तो त्यांनाच चिकटून फिरतो. म्हणून आर्सेनिक आणि पारा हे दोन्ही या कामातून बाहेर ठेवले. 'सर्व जड धातूंवर उपाय' असे ज्या पिशवीवर छापलेले असते, त्या छपाईमागे हा विचार झालेला नसतो.

११ जानेवारी

तीन नमुने आले. दोन क्लिनोप्टिलोलाइट म्हणून पाठवलेले आहेत आणि एक बेंटोनाइट आहे. पहिला फिकट हिरवट, दुसरा मळकट गुलाबी. बेंटोनाइटवर पाण्याचा थेंब टाकला की ते फुगते आणि बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते.

नावावर विश्वास न ठेवता तिन्ही नमुने क्ष-किरण विवर्तनासाठी, म्हणजे क्ष-किरणांनी आतली स्फटिकरचना ओळखण्याच्या तपासणीसाठी, दिले. यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, क्लिनोप्टिलोलाइट आणि त्याचे भावंड ह्यूलँडाइट यांची आतली रचना एकच असल्याने दोघांचे आलेख जवळजवळ सारखे येतात. म्हणून नमुने ४५० अंश सेल्सिअसला रात्रभर तापवून पुन्हा तपासायचे आहेत. ह्यूलँडाइटची चौकट त्या तापमानाला ढासळते, क्लिनोप्टिलोलाइटची टिकते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. एरिओनाइट हेही एक नैसर्गिक झिओलाइटच, परंतु ते तंतुमय असते आणि श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो. तुर्कस्तानातील कापादोक्या भागातील काही गावांनी या खनिजाची फार मोठी किंमत मोजली आहे. झिओलाइटच्या साठ्यांत एकाहून अधिक प्रकार एकत्र सापडू शकतात, त्यामुळे अहवाल येईपर्यंत कोणीही पिशवी कोरडी उघडायची नाही, असे मी सर्वांना सांगितले आहे. एरिओनाइट नसले तरी स्फटिकी सिलिकाची धूळ घातकच असते, म्हणून मुखपट्टी पुढेही राहील.

तिन्ही नमुन्यांत मुळात किती शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक आहे, तेही मोजायला दिले आहे. खाद्यात घातलेल्या मातीनेच विष आणल्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत सोयाबीनच्या पेंडीत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बॉल क्ले ही माती मिसळली गेली, त्या मातीत डायऑक्सिन हे विषारी रसायन निघाले, आणि ते कोंबड्या व कॅटफिश माशांपर्यंत पोहोचले. माती खाणीतून आली म्हणून ती शुद्ध, हे गृहीत धरता येत नाही.

१६ जानेवारी

अहवाल आले. एरिओनाइट कोणत्याही नमुन्यात नाही. हिरवट नमुना क्लिनोप्टिलोलाइटच आहे. त्यात थोडे क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार मिसळलेले आहे. गुलाबी नमुन्यात झिओलाइट कमी आणि इतर खनिजेच अधिक निघाली, शिवाय शिशाचे प्रमाण आम्ही आखलेल्या मर्यादेच्या वर गेले. तो नमुना बाद केला आणि पिशवीवर लाल शाईने तसे लिहून ती वेगळ्या कपाटात ठेवली.

मर्यादा कशी आखली, तेही इथेच लिहून ठेवतो. युरोपीय संघात पूर्ण खाद्यासाठी शिशाची कमाल मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे. समजा खनिजात किलोला ५० मिलिग्रॅम शिसे आहे आणि ते खाद्यात एक टक्का मिसळले, तर खनिज एकटेच किलोमागे अर्धा मिलिग्रॅम शिसे आणते, म्हणजे मर्यादेचा दहावा भाग. शिसे अडवायला आणलेल्या वस्तूला यापेक्षा अधिक सूट देणे मला मान्य नाही.

१७ जानेवारी

आज प्रयोगशाळेत गेलो नाही, दिवसभर फक्त आकडेमोड केली. मात्र या आकडेमोडीने प्रकल्पाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली, म्हणून ती पूर्ण लिहितो.

चांगल्या क्लिनोप्टिलोलाइटची धनायन-विनिमय क्षमता, म्हणजे धनायनांची अदलाबदल करण्याची ताकद, ग्रॅमला दीड मिलीइक्विव्हॅलंट (प्रभार मोजण्याचे एकक) धरू. युरोपीय संघात गाळाच्या खडकातील क्लिनोप्टिलोलाइट पूर्ण खाद्यात किलोला १०,००० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे १० ग्रॅमपर्यंत चालते. बेंटोनाइटसाठी हीच मर्यादा २०,००० मिलिग्रॅम आहे. १० ग्रॅम खनिजात १५ मिलीइक्विव्हॅलंट धनायनांना जागा झाली. खाद्यातील शिसे अगदी मर्यादेइतके, किलोला ५ मिलिग्रॅम धरले, तरी ते भरते सुमारे ०.०५ मिलीइक्विव्हॅलंट. म्हणजे खनिजात शिशासाठी लागणाऱ्या जागेच्या तीनशे पट जागा आहे. विक्रेत्यांची माहितीपत्रके इथे थांबतात.

आता त्याच खाद्यातील कॅल्शियम पाहू. एक टक्का कॅल्शियम म्हणजे किलोमागे १० ग्रॅम, आणि ते भरते जवळजवळ ५०० मिलीइक्विव्हॅलंट. खनिजातील एकूण जागांच्या तेहतीस पट गर्दी एकट्या कॅल्शियमची आहे, आणि शिशाच्या तुलनेत ती सुमारे दहा हजार पट आहे. यात पोटॅशियम, मॅग्नेशियम, सोडियम अजून धरलेले नाहीत. शिवाय कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, अमोनियम भरपूर असतो, आणि पोटॅशियम व अमोनियम हे तर क्लिनोप्टिलोलाइटच्या विशेष आवडीचे आहेत.

यावरून खनिज निरुपयोगी ठरत नाही. क्लिनोप्टिलोलाइट शिशाला कॅल्शियमपेक्षा पुष्कळ अधिक पसंती देते, आणि ही पसंतीच या उपायाचा खरा आधार आहे. पण प्रश्न आता 'जागा किती' असा राहत नाही. दहा हजारांच्या गर्दीत ही पसंती किती टिकते आणि जठरातील आम्लात ती टिकते का, हे पाहावे लागेल.

२२ जानेवारी

पहिली चाचणी केली. लिटरला ५०० मिलिग्रॅम शिसे राहील असे लेड नायट्रेटचे द्रावण केले, शंभर मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम हिरवट नमुना टाकला आणि शंकुपात्र चार तास हलवत्या यंत्रावर ठेवले. नंतर द्रव गाळून त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब सोडले. मूळ द्रावणात हेच थेंब सोडल्यावर लेड आयोडाइडचा गर्द सोनेरी पिवळा साका क्षणात उतरतो. खनिजातून गाळलेल्या द्रवात काहीच उतरले नाही. परीक्षानळी प्रकाशात धरली तरी द्रव पाण्यासारखा निवळ दिसत होता. विद्यार्थ्यांनी नळी हातोहात फिरवून पाहिली. मलाही आनंद झाला. हे आकर्षक दृश्यच या खनिजांची प्रसिद्धी करते, हेही त्याच वेळी लक्षात आले, कारण त्या पात्रात कॅल्शियम नव्हते, आम्ल नव्हते आणि पोटही नव्हते.

उरलेले शिशाचे द्रावण आणि वापरलेले खनिज झाकणबंद डब्यात साठवले आहे. शिशावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेने शिसे मोरीत सोडणे योग्य नाही.

२५ जानेवारी

आज पोटाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न केला. मातीतील शिसे जठरात किती सुटेल हे पाहण्यासाठी ०.४ मोलर ग्लायसिन, सामू (आम्लतेचा आकडा; तो जितका कमी, तितके आम्ल तीव्र) १.५, तापमान ३७ अंश आणि एक तास हलवणे, ही रूढ पद्धत आहे. तीच वापरली. शिसे आणि खनिज एकत्र घेतले; तासाभराने त्यातला थोडा द्रव गाळून तपासला, तर पिवळा साका स्पष्ट उतरला, म्हणजे आम्लात बरेच शिसे मोकळेच राहिले होते. नंतर आतड्याची नक्कल म्हणून सोडियम बायकार्बोनेट हळूहळू घालून सामू ६.५ पर्यंत आणला. पुष्कळ फेस आला. आणखी दोन तास हलवून गाळले, तर द्रव पुन्हा निवळ. आम्लात सुटलेले शिसे आतड्यात खनिजाने परत पकडले, असा निष्कर्ष मी संध्याकाळी लिहूनही टाकला.

२६ जानेवारी

कालचा निष्कर्ष चुकीचा होता, आणि चूक माझी आहे. बिनखनिजाचे पात्र मी सोबत लावलेच नव्हते. आज ते लावले. तोच द्रव, तेच शिसे, खनिज अजिबात नाही. बायकार्बोनेट घातल्यावर तळाशी पांढरा गढूळपणा आला आणि गाळलेला द्रव कालच्याइतकाच निवळ निघाला. शिसे खनिजाने पकडले नव्हते, ते कार्बोनेट होऊन तळाला बसले होते. हा पांढरा साका पुढे आम्लात गेला तर पुन्हा विरघळतो, त्यामुळे त्याला अडवलेले शिसे म्हणता येत नाही. कालची नोंद खोडलेली नाही, तिच्या शेजारी ही नोंद राहू दे.

२ फेब्रुवारी

गेला आठवडा चाचणी नव्याने बांधण्यात गेला. आता प्रत्येक वेळी चार पात्रे असतात: नुसते शिसे, शिसे आणि खनिज, शिसे आणि कॅल्शियम, आणि शिसे, खनिज व कॅल्शियम तिन्ही. बायकार्बोनेट पूर्ण वगळले असून सामू ५.५ चे असिटेट बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण, घेतो, कारण त्यात शिसे विरघळलेलेच राहते. सर्व काचसामान दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवतो. रंगावर विसंबणे बंद केले. गाळलेले द्रव अणुशोषण यंत्रावर, म्हणजे धातूचे नेमके प्रमाण सांगणाऱ्या यंत्रावर, मोजायला जातात.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांसाठी टप्प्यांचा क्रमही बदलला, आणि हा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डुकराच्या किंवा माणसाच्या पोटात अन्न आधी आम्लात जाते आणि मग आतड्यात. गाय, शेळी, मेंढी यांच्यात कोठीपोट आधी येते, तिथला सामू साधारण साडेपाच ते सातच्या दरम्यान असतो. मग येते चौथे पोट, आणि तिथे आम्ल तीव्र. त्यानंतर आतडे. म्हणजे खनिजाने कोठीपोटात शिसे पकडले, तरी चौथ्या पोटात त्याची परीक्षा होते, आणि शोषण व्हायचे त्या आतड्याच्या दारातच ते सुटलेले असू शकते.

म्हणून एक सुटण्याची चाचणी लावली. २२ जानेवारीच्या निवळ पात्रातील शिसे भरलेले खनिज तीनदा धुतले, धुवणाच्या पाण्यात शिसे नाही याची खात्री केली, आणि ते ताज्या आम्लद्रवात टाकून तासभर हलवले. गाळून आयोडाइड घातले, तर पिवळा रंग परत आला. ज्या शिशाला आम्ही 'बांधलेले' म्हणत होतो, त्यातील बराच भाग आम्लाने मोकळा केला होता. हायड्रोजनचा धनायनही धनायनच आहे, आणि एवढ्या आम्लात त्याची संख्या फार मोठी असते. ती पिवळी नळी मी फोटो काढून वहीत चिकटवली आहे, २२ तारखेच्या निवळ नळीच्या समोरच्या पानावर.

९ फेब्रुवारी

यंत्रावरचे निकाल आले. सामू ५.५ ला कॅल्शियम नसताना दोन्ही खनिजे उत्तम काम करतात. कॅल्शियम घातल्यावर दोन्हींची पकड उतरते, बेंटोनाइटची अधिक उतरते. कॅडमियमची पकड शिशाहून कमकुवत आहे, आणि मीठ घातले की ती आणखी ढिली होते. क्लोराइड कॅडमियमला स्वतःशी जोडून घेते आणि मग त्याचा खनिजाकडचा ओढा कमी होतो. जठररसात क्लोराइडची कमतरता कधीच नसते.

१५ फेब्रुवारी

प्राण्यांवर पूर्वी झालेले काम वाचत आहे. वाढीच्या डुकरांवर पाँड आणि येन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला आशादायक वाटतो. कॅडमियममुळे होणारा रक्तक्षय क्लिनोप्टिलोलाइट दिलेल्या डुकरांत टळला, असे त्यांना दिसले. त्यांनी पात्रातील द्रव मोजून न थांबता जनावराचे रक्त पाहिले, म्हणून मी या कामाला अधिक मान देतो. चेर्नोबिलच्या १९८६ मधील अपघातानंतर किरणोत्सारी सीझियम जनावरांच्या पोटात अडवण्यासाठीही मातीवर्गातील खनिजे वापरली गेली. सीझियम हा क्लिनोप्टिलोलाइटचा सर्वांत आवडता धनायन असल्यामुळे तिथली गोष्ट शिशापेक्षा सोपी आहे, हे मात्र विसरता कामा नये.

एक तिसरी वाट फॉस्फेट खनिजांची आहे. ॲपटाइटमधील फॉस्फेट आणि क्लोराइड यांच्याशी जुळून शिसे पायरोमॉर्फाइट हे खनिज बनवते, आणि ते इतके अविद्राव्य असते की जठरातील आम्लातही फार थोडे सुटते. झिओलाइटची उणीव नेमकी इथे भरून निघते. परंतु कच्च्या रॉक फॉस्फेटमध्ये फ्लोराइड असते, आणि गाळाच्या खडकातील फॉस्फेटमध्ये कॅडमियमही असू शकते, म्हणून ते थेट खाद्यात घालायला मी तयार नाही. कुरणाच्या दूषित मातीत ते मिसळणे वेगळे. चरणारे जनावर गवतासोबत माती खातेच, गवत तोकडे असले की मेंढी तर बरीच खाते, आणि मातीतले शिसे मातीतच अविद्राव्य झाले तर पोटातली निम्मी लढाई बाहेरच संपते.

२३ फेब्रुवारी

आज दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडला. जे खनिज शिसे धरते, ते जस्त, तांबे आणि मँगनीज यांनाही काही प्रमाणात धरू शकते. गाभण गाईंना विण्यापूर्वी कृत्रिम झिओलाइट ए देतात ते कॅल्शियम बांधण्यासाठीच. त्यामुळे रक्तातील फॉस्फेटही खाली येते. औषधांनाही ही खनिजे ओढतात, म्हणूनच बेंटोनाइट आणि मॅक्रोलाइड गटातील प्रतिजैविके तोंडावाटे एकत्र देऊ नयेत असा नियम युरोपीय संघात आहे. आजारी जनावराला औषध आणि माती एकाच बादलीतून दिली, तर औषध शेणातून बाहेर जाईल आणि दोष औषधाला लागेल.

उलट दिशेने एक गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. खाद्यात कॅल्शियम, लोह किंवा जस्त कमी असेल, तर आतडे शिसे आणि कॅडमियम अधिक ओढते, कारण हे विषारी धातू पोषक धातूंच्याच वाहकांवर बसून आत शिरतात. दुधावरच्या कोवळ्या वासरात शिशाचे शोषण प्रौढ गाईच्या कितीतरी पट होते. त्यामुळे कुठल्याही खनिजाआधी खाद्यातील कॅल्शियम आणि सूक्ष्म पोषकांची तपासणी करायची, असा नियम आम्ही स्वतःपुरता केला. खनिजाची पिशवी घेताना जेवढा विचार होतो, तेवढा साध्या खाद्यातील उणिवेचा होत नाही, याची मला खंत वाटते.

४ मार्च

प्राण्यांवरील टप्प्याची आखणी करताना सहकाऱ्याशी मतभेद झाला आणि त्यात त्याचे म्हणणे मी मान्य केले. माझी योजना मेंढ्यांच्या तीन गटांची होती: जुन्या खाणीशेजारच्या दूषित कुरणावर तसाच ठेवलेला एक, त्याच कुरणावर राहून खनिज खाणारा दुसरा, आणि स्वच्छ चाऱ्यावर हलवलेला तिसरा. तुलना स्वच्छ झाली असती. सहकारी म्हणाला, "कुरणात शिसे आहे हे कळल्यावर तू त्या मेंढ्या तिथे ठेवणार, आणि मी रोज त्यांना बघायला जाणार? ते माझ्याच्याने होणार नाही." मी उत्तर शोधत राहिलो, पण मला ते सापडले नाही. निरोगी जनावरांना मुद्दाम शिसे पाजण्याचा विचार तर आम्ही पहिल्याच दिवशी सोडला होता.

नवी आखणी अशी ठरली. सर्व मेंढ्या स्वच्छ चाऱ्यावर येतील, एकही मागे राहणार नाही. मग त्यांचे दोन गट होतील. एका गटाच्या खाद्यात किलोला १० ग्रॅम हिरवट नमुना असेल, दुसऱ्याच्या खाद्यात नसेल. प्रश्न त्यामुळे लहान झाला. शरीरात आधीच शिरलेल्या शिशातील काही भाग पित्तावाटे आतड्यात परत येतो. तो तिथे खनिजाने अडवला जाऊन शेणावाटे अधिक बाहेर पडतो का, एवढेच आता पाहता येईल. फरक लहान असेल अशी माझी अपेक्षा आहे, कारण शरीरातील बहुतांश शिसे हाडांत असते आणि हाड ते सावकाश सोडते. आतड्यातले खनिज हाडापर्यंत पोहोचत नाही. ही अपेक्षा निकालाआधीच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर ती बदलण्याचा मोह होणार नाही.

नुसत्या लेंड्यांतील शिसे मोजून यश जाहीर करायचे नाही, हेही ठरले. रक्तातील शिसे आणि त्यासोबत डेल्टा-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल डिहायड्रेटेज या एंझाइमची क्रिया, या दोन्ही मोजायच्या. शिसे या एंझाइममधील जस्ताची जागा बळकावते आणि रक्तातील हीम, म्हणजे लाल रंग देणारा लोहयुक्त घटक, बनण्याची वाट अडवते. त्यामुळे एंझाइम सावरले तरच जनावर सावरत आहे असे म्हणता येईल. जस्त आणि तांबे खाली जात नाहीत ना, हेही त्याच रक्तात पाहू.

१२ मार्च

वासरांच्या मालकाला आज उत्तर दिले. सहकारी आणि मी दोघे मिळून गेलो.

त्याला सांगितले की, सर्वांत आधी गोठ्याभोवतीचा कोपरा न् कोपरा तपासून बॅटरी, जुना रंग, तेलाचे डबे हटवायचे. हे झाल्याशिवाय बाकी कशालाही अर्थ नाही. लक्षणे दिसणाऱ्या वासराला माती देण्यात वेळ दवडायचा नाही, पशुवैद्याला तत्काळ बोलवायचे. पोटात उरलेल्या शिशाचे अविद्राव्य सल्फेट व्हावे म्हणून मॅग्नेशियम सल्फेट, रक्तातील शिशासाठी कॅल्शियम ईडीटीए हे धातू बांधून घेणारे औषध आणि मेंदूवरील परिणामासाठी थायामिन (ब१ जीवनसत्त्व) हे उपचार पशुवैद्याच्या हाताखालीच करायचे. गाई दिसायला निरोगी असल्या तरी रक्ततपासणी होईपर्यंत त्यांचे दूध कोणीही प्यायचे नाही. खाद्यातील खनिजाबद्दल म्हणालो, "चाऱ्यातून रोज थोडेथोडे शिसे येत असेल, तर त्याचा उपयोग होऊ शकतो. जाळीपोटात बसलेल्या तुकड्यावर तो होणार नाही." तो थोडा वेळ गप्प बसला, मग उठून गोठ्यामागे गेला आणि एक गंजलेला डबा उचलून आणून आमच्यासमोर ठेवला. डब्याच्या कडेला चाटल्याच्या चकचकीत खुणा होत्या.

१९ मार्च

मेंढ्या काल नव्या वाड्यात आल्या. आज सकाळी सर्वांचे पहिले रक्त घेतले. शिसे तांबड्या पेशींत साठते, म्हणून रक्तद्रव वेगळा न करता पूर्ण रक्तच ठेवले; नळ्या हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) वापरल्या, कारण ईडीटीएच्या नळीत जस्त खेचले जाऊन एंझाइमचे मापन बिघडते. नळ्यांवर फक्त क्रमांक आहेत. कोणती मेंढी कोणत्या गटात जाईल हे सहकाऱ्याने चिठ्ठ्या काढून ठरवले, आणि ती यादी त्याच्या कपाटात बंद आहे. मोजणी संपेपर्यंत मी ती पाहणार नाही. खनिज मिसळलेले आणि न मिसळलेले खाद्य एकसारख्या पोत्यांत भरले आहे. एका मेंढीने पोत्याचे तोंड सुटताच मान आत घातली. आठव्या दिवशी दुसरे रक्त घ्यायचे आहे.